आधी ब्रेक, मग सेल्फ

प्रश्न : काका, आमच्याकडे १९९१ ची महिंद्रा एमएम ५४० जीप आहे, प्यूजो इंजिनची. आमचं घर देवरुखजवळ. बाबांनी ती कलमांच्या बागेसाठी घेतली होती. २०२० च्या लॉकडाउनपासून ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. बॅटरी मेलीय, उंदरांनी वायरी कुरतडल्यात, ब्रेकचं पेडल थेट खाली जातं. मी बँकेत नोकरी करते, रविवार मोकळा असतो आणि हात काळे करायची मला हौस आहे. बाबा ७६ वर्षांचे. पडवीतून सांगतात, "दुसऱ्या गाडीची बॅटरी लाव, सेल्फ मार, होईल चालू." तालुक्याचा फिटर म्हणतो, हे इंजिन काढून महिंद्राचं डीआय इंजिन टाका. नवरा म्हणतो, भंगारात द्या. एप्रिलपर्यंत, आंब्याच्या पेट्या आणायला जीप तयार होईल का? सुरुवात कुठून करू?

उत्तर :

ताई, जुनी जीप म्हटली की तिच्याभोवती हे तिघं असतातच. तुमच्या तिघांत बाबांचं म्हणणं सगळ्यात खरं आहे आणि म्हणूनच ते आत्ता ऐकायचं नाही. ते इंजिन बहुतेक होईलच चालू. साधं डिझेल आहे, त्यात कॉम्प्युटर नाही की सेन्सर नाहीत. पण चालू झालं की उत्साहाच्या भरात कुणीतरी गिअर टाकतं, जीप शेडबाहेर येते, आणि पेडल तर तळाला टेकलेलं. तुमच्या बाजूची अंगणं मी पाहिली आहेत. चार पावलं सपाट, मग उतार, खाली गडगा आणि त्याच्याखाली पऱ्या.

म्हणून आधी गाडी थांबली पाहिजे. चालू व्हायचं नंतर बघू.

नवऱ्याचा मुद्दा आधी मिटवून घ्या. भंगार किलोवर जातं, आज जातं आणि दोन वर्षांनीही जातं, तेव्हा त्याची घाई कुणालाच नाही. दिल्लीकडचा दहा वर्षांचा डिझेलचा नियम आपल्याकडे लागू नाही. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते, पुढे दर ५ वर्षांनी पासिंग करून वाढवून घ्यायची. तुमची १९९१ ची, म्हणजे दर वेळी वाढवून घेतली असली तरी २०२१ मध्ये संपली असणार. विमा, पीयूसी, पर्यावरण कर आणि नव्या पद्धतीची नंबरप्लेट हे सगळं लागेल, उशिराचा दंडही भरावा लागेल. आरसी बुक शोधा आणि चासी नंबर, इंजिन नंबर गाडीवर प्रत्यक्ष वाचून बघा. गंज घासून काढल्याशिवाय दिसणार नाहीत, पण घासताना पोलिश पेपरच वापरा, ग्राइंडर लावू नका. नंबरच उडाला तर पुढे काहीच करता येत नाही.

फिटर अगदीच वेडं बोलत नाही. महिंद्राच्या २५२३ सीसीच्या डीआय इंजिनात डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर उडतं. त्यामुळे ते हीटरशिवाय सुरू होतं, अॅव्हरेज बरं देतं आणि चढाला खालच्या फेऱ्यांतच ओढतं. तुमचं प्यूजोचं एक्सडीपी इंजिन २११२ सीसीचं. त्यात डिझेल आधी हेडमधल्या छोट्या पोकळीत पेटतं आणि मग खाली येतं, म्हणून थंड इंजिनाला हीटर प्लग लागतात. त्याची ताकद थोडी वरच्या फेऱ्यांत आहे, पण चालतं कसं गुळगुळीत. डीआयची थरथर घेऊन घाट चढलेल्या माणसाला विचारा. दुसरं म्हणजे कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या घडणीपेक्षा वेगळी गाडी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच ठणकावलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी घ्यायची आणि आरसीवर नोंद करून घ्यायची. "नंतर बघू" म्हणून बसवलेलं इंजिन पासिंगच्या रांगेत पकडलं जातं. आणि जे इंजिन अजून उघडूनही पाहिलेलं नाही, ते बदला म्हणणाऱ्या माणसाला त्याच्याकडे पडून असलेलं एखादं डीआय खपवायचं असू शकतं. मी संशयी आहे, माफ करा.

आता कामाला लागू. पहिला खर्च पान्यांचा, आणि इथे नव्या माणसाची हमखास फसगत होते. महिंद्राने सुरुवात मुंबईत विलिस जीप जोडण्यापासून केली आणि तुमच्या जीपची चासी, अॅक्सल, पाटे हे सगळं त्याच अमेरिकन घराण्याचं. म्हणजे तिथले बोल्ट इंचातले. इंजिन फ्रेंच, म्हणून त्याचे बोल्ट मिलिमीटरचे. एकाच गाडीत दोन भाषा. जुने फिटर इंचाचा बोल्ट सुतात मोजतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सुती बोल्टच्या डोक्याला ९/१६ इंचाचा पाना लागतो. ९/१६ म्हणजे १४.२९ मिलिमीटर. १४ चा पाना त्यावर चढत नाही, म्हणून माणूस १५ चा घेतो. तो सैल बसतो, गंजलेला नट हलत नाही, जोर लावला की पाना सटकतो आणि नटाचे सहा कोपरे गोल होतात. मग छिन्नी, मग गॅस, मग शिव्या. पाव इंचाच्या बोल्टला ७/१६ चा पाना, अडीच सुतीला १/२ चा, चार सुतीला ३/४ चा. यातला ३/४ म्हणजे १९.०५, त्यामुळे १९ चा पाना तिथे बिनधास्त चालतो. बाकीच्यांना इंचाचेच पाने हवेत. नवे घेण्याआधी सीटखालची पिशवी आणि बाबांची जुनी ट्रंक उघडा. ज्याने तीस वर्षं जीप वापरली त्याच्याकडे ते असतातच.

विलिस घडणीच्या जुन्या जीपांत डाव्या चाकांचे आटे उलटे असायचे. तुमच्या चाकाच्या बोल्टच्या तोंडावर इंग्रजी एल कोरलेला दिसला तर नट उलट्या दिशेने सुटेल, हे लक्षात ठेवा. हे माहीत नसताना पाइप लावून जोर करणारे पहिलवान मी पाहिले आहेत, ते बोल्ट तोडून मोकळे होतात.

जॅकबद्दल माझीच गोष्ट सांगतो. माझ्याकडे बरीच वर्षं सीजे-३बी जीप होती. एकदा मागचं डावं चाक काढायचं होतं. हँडब्रेक कचकून ओढला, पहिला गिअर टाकला आणि जॅक लावला. चाक जमिनीवरून सुटलं आणि जीप सावकाश पुढे निघाली. जॅक आडवा झाला, ड्रम फरशीवर आदळला. माझा हात तेव्हा नटांच्या डब्यात होता म्हणून आज दहा बोटांनी लिहितो आहे. चूक काय झाली? या जीपांचा हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्सफर केस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, तिच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर एक छोटा ड्रम असतो, तो शाफ्टला धरतो. मागचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शिअल आपलं काम करतं. शाफ्ट जागच्या जागी, उचललेलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं सुलटं. गिअरचंही तेच, तोही त्याच शाफ्टमधून धरतो. तुमच्या जीपखाली वाकून बघा, तो ड्रम दिसेल. तेव्हा जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढूनमागून जांभ्याचे चिरे लावा, जॅकखाली जाड फळी ठेवा, कारण मातीच्या अंगणात तो रुततो. आणि अॅक्सलखाली लोखंडी घोड्या लावल्याशिवाय गाडीखाली डोकं घालू नका. चिऱ्यांची चळत म्हणजे घोडी नाही. जांभा बाजूने ठीक असतो, वरून ठोका बसला की फुटतो.

एक रविवार, एक चाक. जास्त करायला जाऊ नका.

चाकाचा ब्रेक ड्रम निघणार नाही, कारण आतले ब्रेक लायनर गंजाने ड्रमला चिकटलेले असतात. अॅडजस्टर सैल करा, लाकडी ठोकळा धरून ड्रमला गोल फिरत ठोका आणि सांध्याला तेल सोडून रात्रभर ठेवा. निघाल्यावर आतली धूळ फुंकरीने किंवा हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. पाण्याने ओलं करून फडक्याने टिपा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. आता बोटाने बघा, आत कुठे ओल आहे का. असेल तर वास घ्या. कुबट, गंधकासारखा वास आला तर ते अॅक्सलचं गिअर ऑइल, म्हणजे सील गेलंय. असा वास नसेल आणि ओल व्हील सिलिंडरच्या रबराखाली असेल तर ते ब्रेक ऑइल. ही ओल चढलेले लायनर धुऊन वापरायचे नाहीत, नवेच घ्यायचे.

व्हील सिलिंडर उघडून आत करंगळी फिरवा. गुळगुळीत लागलं तर नुसती रबरं बदलून भागेल. नखाला खड्डा लागला की सिलिंडर नवा. सहा पावसाळे उभ्या राहिलेल्या गाडीत खड्डे असतातच, कारण ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता ओढून घेतं आणि त्या पाण्याने आतून गंज धरतो. मी तुमच्या जागी असतो तर चारही सिलिंडर, तिन्ही-चारही रबरी होज आणि पेडलकडच्या मास्टर सिलिंडरची किट एकाच वेळी घेतली असती. फार महाग काम नाही ते. चासीवरून जाणाऱ्या लोखंडी नळ्याही फडक्याने पुसून बघा, क्लिपाखाली त्या सडतात. मास्टर सिलिंडरला ऑइलची एकच डबी असेल आणि त्यातून एकच नळी निघत असेल, तर एका ठिकाणी गळती लागली तरी चारही चाकांचा ब्रेक जाईल, हे गाडी चालवताना विसरू नका. रबराचे भाग पेट्रोल-डिझेलने धुवायचे नाहीत आणि डबीत डॉट ३ शिवाय दुसरं कुठलंही तेल घालायचं नाही. इंजिन ऑइलचा एक थेंबही ती रबरं फुगवतो.

मग एअर, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढायची. त्याला दोघं लागतात, त्याच्याकडे शेवटी येतो.

ब्रेक धरू लागले की स्टिअरिंग. पुढची चाकं उचला, एकेक चाक वरखाली धरून हलवा. खट् खट् झालं तर किंगपिन (ज्यावर चाक वळतं तो खुंटा) किंवा बेअरिंग. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवा. प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन. टायरची नक्षी कितीही छान दिसली तरी बाजूचे चार आकडे वाचा. १२१४ असेल तर २०१४ सालच्या बाराव्या आठवड्यातला टायर, तो बागेतसुद्धा नको.

आता तुमचं इंजिन. सेल्फ नाहीच. आधी रेडिएटरमधलं पाणी आणि डिपस्टिक बघा. ऑइल दुधी-तपकिरी दिसलं तर तिथेच थांबा, आत पाणी गेलंय. ठीक असेल तर चारही हीटर प्लग काढा, प्रत्येक भोकातून दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि एक दिवस राहू द्या. प्लग काढायचेच, कारण डिझेलचा दाब इतका असतो की त्यांच्यासकट इंजिन हाताने फिरत नाही. दुसऱ्या दिवशी पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून सावकाश फिरवा. दोन पूर्ण फेरे अडथळ्याशिवाय झाले तर निम्मी लढाई संपली. अडलं तर जोर नको, आणखी तेल आणि आणखी दिवस. काढलेले प्लग मल्टिमीटरवर तपासा. चांगला प्लग जेमतेम ओहमभर दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. चारांतले दोन मेलेले असतील तर सकाळी इंजिन खोकत, पांढरा धूर सोडत सुरू होतं आणि लोक पंपाला दोष देतात.

टाकीतलं डिझेल पूर्ण काढा. पहिलं लिटर काचेच्या बाटलीत घेऊन रात्रभर खिडकीत ठेवा. सकाळी तळाशी पाण्याचा थर दिसेल आणि पाणी-डिझेलच्या मधोमध एक काळपट, शेवाळासारखी साय. ती सायच फिल्टर चोंदवते. टाकी उतरवून धुवा, फिल्टर नवा लावा, मग हातपंप मारत एअर काढा. आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, बुडबुडे थांबून डिझेल सलग येईपर्यंत. वायरिंगमध्ये उंदरांनी खाल्लेल्या वायरींना चिकटपट्टी गुंडाळू नका. तेवढा तुकडा कापून नवा जोडा आणि बॅटरीला कट-ऑफ स्विच बसवा. काम संपलं की तो बंद.

पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा प्लग बसवण्याआधी, डिझेल बंद ठेवून सेल्फवर थोडं फिरवून घ्या, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. आणि हवेच्या तोंडाशी एक सपाट फळी घेऊन कुणाला तरी उभं करा. कधीकधी जुनं डिझेल सिलिंडरमधल्या तेलावरच पळत सुटतं, चावी काढली तरी थांबत नाही. तेव्हा हवेचं तोंड फळीने झाकायचं. हाताने नाही, ते हात ओढून घेतं.

बाकीचं पटकन. गिअरबॉक्समध्ये जीएल-४ तेल, अॅक्सलमध्ये जीएल-५ चं नव्वद नंबर. उलट केलंत तर गिअरबॉक्समधलं पितळ खराब होतं. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, पाट्यांचे शॅकल यांना ग्रीस गन लावा आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारा. फोर बाय फोर चिखलात आणि लाल मातीत, डांबरावर नाही. डांबरावर टायर सरकत नाहीत, ताण सगळा आत अडकतो आणि मग लिव्हर निघता निघत नाही. चासीला जळकं ऑइल फासायची आपल्याकडे पद्धत आहे, मला ती आवडत नाही. पहिल्या पावसात ते धुपून विहिरीकडे जातं. त्यापेक्षा गंज तारेच्या ब्रशने काढून प्रायमर मारा. त्याआधी स्क्रू ड्रायव्हरने चासी टोचत जा, विशेषतः पाट्यांच्या हँगरजवळ. टोक आत गेलं तर ते घरचं काम नाही.

घरचं नसलेलं आणखीही आहे. नोझल आणि पंप टेस्टिंगवाल्याकडेच न्यायचे, ड्रम लेथवर घासून घ्यायचे, बसलेले पाटे भट्टीवाल्याकडे, किंगपिनचे शिम अनुभवी फिटरकडे. तालुक्याच्या त्याच फिटरकडे गेलात तरी चालेल. सुटा भाग घेऊन गेलेल्या गिऱ्हाईकाला कुणी इंजिन बदलायला सांगत नाही.

एप्रिलचं विचारलंत. यंदाच्या पेट्यांना टेम्पो सांगून ठेवा. शिमग्यापर्यंत चारही चाकांचे ब्रेक झाले तरी मी म्हणेन वेग चांगला आहे. पासिंग पावसाआधी झालं नाही तर घाई करू नका, पावसात शेडमध्ये वायरिंग करता येतं.

आता ती एअर. त्याला जोडीदार म्हणून बाबांनाच घ्या. पडवीतून उठवून ड्रायव्हर सीटवर बसवा. उजवा गुडघा दुखत असेल तर डाव्या पायाने दाबू दे, इथे चालतं. मास्टर सिलिंडर उजवीकडे, म्हणून सगळ्यात लांबचं मागचं डावं चाक पहिलं. मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. चाकामागच्या एअर काढायच्या निप्पलला रबरी नळी लावा आणि तिचं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवा. तुम्ही "दाबा" म्हणायचं, त्यांनी दाबून धरायचं, तुम्ही निप्पल पाव फेरा सोडायचं. बुडबुडे येतील, पेडल खाली जाईल. निप्पल बंद करून मगच "सोडा". त्यांनी आधी सोडलं तर बाहेर काढलेली हवा परत आत जाते. चार-पाच वेळा झालं की डबीत ऑइल भरा, ती रिकामी पडली तर सगळं पहिल्यापासून. शेवटी त्यांना पेडल जोरात दाबून मिनिटभर धरायला सांगा. दगडासारखं राहिलं तर जमलं. हळूहळू खाली गेलं तर कुठेतरी अजून गळतंय.

मधेच ते विचारतील, "आता सेल्फ मारू का?" चावी तुमच्या खिशात ठेवा.